मामाजींसाठी चार बातम्या

१४ सप्टेंबर

ही डायरी खताच्या कंपनीची आहे. आमच्या कृषी केंद्रात दरवर्षी अशा पाच-सहा येतात आणि वजन म्हणून कुठे तरी ठेवल्या जातात. काल यांनी, म्हणजे रेणूच्या बाबांनी, एक माझ्या हातात दिली. म्हणाले, "रोज थोडं लिहीत जा. मराठी साफ होईल."

मी वारासिवनीची. बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश. सासरच्या सौंदडहून फार दूर नाही, पण राज्य वेगळं, शाळा वेगळी. माहेरी घरात पोवारी बोली, शाळेत हिंदी, मराठी लग्नानंतर. बोलते सगळं. वाचायला बसले की 'ळ' आडवा येतो.

मागच्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत शकुंतलाबाईंनी मला ठराव वाचायला दिला. त्या गटाच्या अध्यक्ष. मी 'वेळोवेळी' ला 'वेलोवेली' म्हटलं. बाया हसल्या. पुढे 'काळजीपूर्वक' आलं, तिथे तर पदर तोंडाला लावून हसल्या. शकुंतलाबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला. "राहू दे व बालाघाटवाली. आपल्याले आजच घरी जायचं आहे."

मी पण हसले. घरी येऊन भांडी जरा जोरात घासली. या बाया स्वतः डोळ्याला 'डोरा' म्हणतात, ते चालतं.

तेव्हापासून मी बैठकीत तोंड उघडलेलं नाही. घरात तरी कुठे उघडते? सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात कुकरच जास्त बोलतो.

१६ सप्टेंबर

मामाजींना (सासरे, गोवर्धन त्यांचं नाव) आज गोंदियाला डोळे दाखवायला नेलं. मोतीबिंदू काढून झाला, आज पट्टी निघाली, आता काळा चष्मा आहे. हे आणि मामाजी डॉक्टरांकडे आत गेले, मी बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसले. बाहेर आले तेव्हा यांचा चेहरा कसासाच होता, हसू दाबल्यासारखा. मी विचारलं, काय म्हणाले?

"वेळ लागेल म्हणतात," हे म्हणाले आणि गाडी काढायला गेले.

मामाजी म्हणाले, "मले तं सगळं धुकं दिसते."

मला वाईट वाटलं. त्यांना जेवणापेक्षा पेपर प्यारा. ऑपरेशनच्या आधी रोज सकाळी स्टेशनसमोर दुलीचंदजींच्या चहाटपरीवर बसून ते मोठ्याने पेपर वाचत आणि दहा-बारा लोक ऐकत. आता हात मांडीवर ठेवून ओसरीत बसलेले असतात.

१७ सप्टेंबर

आज सकाळी पेपरवाला पेपर टाकून गेला. मी तो उचलून त्यांच्या खाटेवर ठेवला, सवयीने. मग लाज वाटली.

"मंजू, वाच," ते म्हणाले.

"मामाजी, मला नाही जमत. माझं वाचणं ऐकून बैठकीत..."

"मले मालूम आहे बैठकीतलं. मले दिसत नाही, तुले वाचता येत नाही. दोघांचं मिळून एक मानूस होते. वाच."

त्यांचे नियम आहेत. चार प्रकारच्या बातम्या आणि त्याच क्रमाने. पहिली विचित्र, कारण त्याने झोप उडते. मग आपल्या भागातली. मग खेळाची. शेवटी मशिनीची, म्हणजे नवीन काय निघालं ते. राजकारण नको, ते टपरीवर न मागता मिळतं.

विचित्र बातमी सापडली. एका गावात पोपट कुकरच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल करायला शिकला. घरची बाई तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करी आणि डाळ रोज कच्ची राही. शेवटी तिने कुकरवाल्या दुकानदाराशी भांडण केलं. वाचता वाचता मला हसू आलं आणि 'डाळ' ची 'दाल' झाली. मामाजी म्हणाले, "दाल बी कच्ची राहते, डाळ बी कच्ची राहते. समोर वाच."

ते हसले नाहीत. म्हणजे पोपटाला हसले, मला नाही.

२१ सप्टेंबर

आज चारही बातम्या. खेळात बुद्धिबळ. 'बुद्धिबळ' मध्ये 'ळ' शेवटी येतो म्हणून आधीपासून तयारी करता येते. मधला 'ळ' दगा देतो.

मशिनीत ड्रोन. बारा एकर धानावर सकाळच्या सकाळी फवारणी.  मामाजी म्हणाले, "पाठीवरचा पंप कोनाच्या तरी पाठीवरून उतरला म्हनायचा."

२६ सप्टेंबर

आज फार राग आला.

दळण आणायला गेले तर चक्कीवर एक माणूस म्हणाला, "वैनी, पोपटाची बातमी लय झकास." मला कळेना. तो म्हणाला, दुलीचंदच्या टपरीवर रोज मोबाईलवर लागते, सगळे ऐकून राहिले.

मी तशीच टपरीवर गेले. खरंच माझा आवाज. मोठ्या स्पीकरवर. 'वेळापत्रक' ची वाट लावलेली मलाच ऐकू आली. चार-पाच माणसं कप हातात धरून ऐकत होती. दुलीचंदजी म्हणाले, "गोवर्धनभाऊ धाडते जी रोज. तो नाही येत तं टपरी सुनी पडलीती. आता बरं आहे."

घरी येऊन मी मामाजींसमोर उभी राहिले. पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "मला न विचारता काऊन धाडलं जी?"

ते म्हणाले, "विचारलं असतं तं तू नाही म्हटली असती."

हे खरं आहे. पण राग तर राग. रात्रीच्या भाजीत मीठ कमी पडलं, ते मुद्दाम नव्हतं. 

त्यांना न दिसता मोबाईलवर रेकॉर्डिंग करून पाठवता कसं येतं, ते नाही कळलं. बोटांना सवय असेल.

२७ सप्टेंबर

वाचणार नाही असं ठरवलं होतं. साडेसातला रेणू शाळेला गेली, पेपर तसाच पडून.  मामाजी नुसते बसले होते. मी तांदूळ निवडले, झाडलं, परत तांदूळ निवडले.

मग दुलीचंदजींचा फोन. "वैनी, आज बातम्या नाही का? तब्येत ठीक आहे ना?"

वाचल्या. आता मोबाईल मी स्वतः समोर ठेवते. लोकांना ऐकायचंच आहे तर 'ळ' ची आधी तालीम करून वाचीन.

५ ऑक्टोबर

यांचा चुलतभाऊ स्वप्निल फुलचूरहून आला. त्याचं गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मोठ्या मनाचा पोरगा. त्याने मामाजींच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. पेपरसमोर मोबाईल धरला की त्यातली बाई स्वतःच वाचते. एकही 'ळ' चुकत नाही. थांबत नाही, खोकत नाही, दूध उतू जातं म्हणून उठत नाही.

स्वप्निल म्हणाला, "वहिनी, आता तुमची सुटी."

मी म्हटलं, बरं झालं. चहा ठेवला. साखर किती टाकली ते आठवेना म्हणून परत टाकली.

चार बातम्या हे काही माझं दुकान नव्हतं. तरी दुकान बंद झाल्यासारखं वाटून राहिलं. असं लिहू नये, पण ही डायरी कोण वाचतं?

६ ऑक्टोबर

सकाळी मी मुद्दाम मागच्या अंगणात कपडे धूत बसले. ओसरीतून त्या बाईचा आवाज येत होता. मग बंद झाला. मग मामाजींची हाक.

"मंजू, ही बाई सौंदडले 'साऊंड' म्हनते."

"एवढंच ना मामाजी?"

"श्वास बी घेत नाही. ऐकता ऐकता मले दम लागते. आन् म्हैस मेली काय, मॅच जिंकली काय, एकाच सुरात सांगते. अशा बाईसोबत राहायचं कसं?"

मी हात पुसले आणि पेपर घेतला. विचित्र बातमी: हरवलेली म्हैस मालकाने नाव घेऊन हाक मारल्याबरोबर भर बाजारातून चालत आली आणि नवा मालक दोरी धरून मागे. 'भर बाजारातून' मी जरा रंगवूनच वाचलं.

दुपारी आईचा फोन आला वारासिवनीहून. तिलाही पाठवते आता मी. ती पोवारीत म्हणाली की तुझी मराठी मला अर्धीच समजते, पण आवाज पूर्ण ऐकते.

१९ ऑक्टोबर

खूप दिवस लिहिलं नाही. बातम्या चालू आहेत. आता लोकच बातम्या आणून देतात. स्टेशनवर छत्री सापडली, ज्याची असेल त्याने दुलीचंदजींकडून न्यावी. शाळेच्या मुलींचा कबड्डीचा संघ तालुक्यात पहिला आला. त्यात आमची रेणू आहे. हे मी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मामाजी म्हणाले, परत सांग, नीट सांग, तुझी पोरगी आहे का दुश्मनाची?

काल सारसाची जोडी एका बांधीत, धानाच्या खाचरात, उभी होती आणि हार्वेस्टरवाला मशीन बंद करून धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, बसून राहिला, ती उडेपर्यंत. हे मला त्या हार्वेस्टरवाल्यानेच सांगितलं. मी विचारलं, घाई नव्हती का? तो म्हणाला, त्यांची बांधी जुनी आहे, आपण कालचे.

बचत गटात अजून गप्पच असते.

४ नोव्हेंबर

मंडई झाली. दिवाळीनंतरची आमच्या गावची जत्रा. पाहुणे, दंडारीचं नाटक, जिलबी. मामाजी रेणूचा हात धरून अख्खी मंडई फिरले. रेणू म्हणते, आबानेच मला गर्दीतून काढलं. लाडात बोलते.

८ नोव्हेंबर

ही बातमी मी दिली नसती तर बरं झालं असतं.

काल संध्याकाळी तीन वेगवेगळ्या लोकांकडून मोबाईलवर एकच फोटो आला. बिबट्या, बांधावर बसलेला. खाली लिहिलेलं, 'सौंदड शिवार, आज दुपारी'. तीन लोकांनी पाठवलं म्हणजे खरंच असणार असं मला वाटलं. आज सकाळी आपल्या भागातली बातमी म्हणून तीच वाचली. आवाज गंभीर केला. कापणीला एकटं जाऊ नका, मुलांना सांभाळा.

शिवारात आज कोणीच गेलं नाही.

१० नोव्हेंबर

काल दुपारी पाऊस आला. या दिवसांत येऊ नये तसा. ज्यांच्या धानाच्या कडपा कापून बांधीत पडल्या होत्या, मजूर नाहीत म्हणून बांधायच्या राहिल्या होत्या, त्या सगळ्या भिजल्या. सगळ्यात जास्त शकुंतलाबाईंच्या.

आज वनरक्षक आले. म्हणाले, बिबट्याच्या पंज्याचा एक ठसा नाही कुठे, हा फोटो दोन वर्षांपासून फिरतो आहे.

शकुंतलाबाई दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. "तुले कोनी सांगितलं होतं व रेडिओ बनाले? दोन दिवस माझ्या बांधीत एक बाई आली नाही. धानाले कोंब फुटतीन आता. ते कोन खाईन, तुझा पोपट?"

त्या गेल्या आणि मी दार ओढून घेतलं. 

हे म्हणाले, चुका होतात. रेणू म्हणाली, सगळ्यांनीच फॉरवर्ड केला होता. मी मोबाईल कपाटात ठेवला आणि मामाजींना सांगितलं की उद्यापासून वाचणार नाही. त्या ॲपमधल्या बाईला बोलवा.

मामाजी बराच वेळ मोबाईल हातात धरून बसले होते. कपाटातून त्यांनीच काढला असेल. म्हणाले, "या फोटोत मागं नारळाची झाडं आहेत. आपल्या शिवारात नारळ कोठी? एकदा मागं पाहायचं होतं, बस. चूक येवढीच आहे. बोलनं चूक नाही."

नारळाचं त्यांना दुलीचंदजींनी सांगितलं असेल. टपरीवर आज तेच चाललं असणार. मी फोटो परत पाहिला. खरंच नारळ आहेत, दोन. मी फक्त बिबट्या पाहिला होता.

११ नोव्हेंबर

 सकाळी पेपर न उघडता नुसता मोबाईल समोर ठेवला आणि बोलले. लिहून घेतलं नव्हतं, त्यामुळे मराठी-हिंदी जे आलं ते आलं. म्हटलं, मी मंजू, तीन दिवसांपूर्वी मी बिबट्याची बातमी दिली ती खोटी होती. मी कोणाला विचारलं नाही. ज्यांचं धान माझ्यामुळे भिजलं त्यांची मी माफी मागते. यापुढे ज्याने डोळ्याने पाहिलं त्याच्याशी बोलल्याशिवाय आपल्या भागातली बातमी देणार नाही. आज दुसऱ्या बातम्या नाहीत.

पाठवलं. विळा घेतला, डोक्याला रुमाल बांधला आणि शकुंतलाबाईंच्या बांधीत गेले. त्या ओल्या कडपा उलटत होत्या, ऊन लागावं म्हणून. माझ्याकडे पाहिलं आणि परत वाकल्या. मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. मोबाईलवर माझा आवाज ऐकून की काय, आणखी चार बाया आल्या. शकुंतलाबाई दुपारपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

जेवायला धुऱ्यावर बसलो तेव्हा त्यांनी त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजी माझ्या भाकरीवर टाकली. जोरातच टाकली.

"कोंब नाही फुटत येवढ्यात," त्या म्हणाल्या. "दोन दिवस ऊन पडलं तं निघून जाते पानी."

मी मान हलवली.

"आन् उद्या बातम्या सांग. माझा म्हातारा सकाळपासून डोकं खाऊन राहिला, पोपटवाली काऊन नाही बोलली म्हनून."

१३ नोव्हेंबर

ऊन चांगलं आहे. शकुंतलाबाईंचं धान बांधून पुंजण्यावर, म्हणजे गंजीवर, गेलं. थोडं काळं पडलं, पण गेलं. आज चार बातम्या वाचल्या. आपल्या भागातली देण्याआधी दोन फोन केले.

हे संध्याकाळी दुकानातून आले आणि मला म्हणाले, गिऱ्हाईक औषधाचं विचारायच्या आधी तुझं विचारतात. मग आरशात बघून केस विंचरले, कुठे जायचं नसताना.

२ डिसेंबर

बैठकीत शकुंतलाबाईंनी न विचारता ठराव माझ्याकडे सरकवला. 'वेळोवेळी' दोनदा होतं. दोन्ही वेळा बरोबर आलं. कोणी लक्षसुद्धा दिलं नाही, आणि तेच मला फार आवडलं.

२० डिसेंबर

मामाजींना म्हटलं, दुसऱ्यांदा डॉक्टरांना दाखवू, इतके महिने धुकं कसं राहतं? ते म्हणाले, "डॉक्टरच म्हनते, म्हाताऱ्या डोऱ्याले घाई करू नोको." यांना विचारलं तर हे म्हणाले, बाबा म्हणतात तर राहू दे, आणि दुकानाच्या हिशेबात डोकं घातलं. या घरातल्या पुरुषांना दवाखान्याची भीती फार.

मी गुपचूप पेपरातली डोळ्याच्या व्यायामाची बातमी कापून ठेवली आहे.

१२ जानेवारी

उद्या नवेगाव बांधला मुलींच्या कबड्डीचे शेवटचे सामने. सौंदडच्या पोरी उपांत्य फेरी जिंकल्या, उद्या अंतिम, तेही नवेगावच्याच संघाशी, त्यांच्याच मैदानावर. रेणू जेवली नाही नीट. मी तिच्या पायाला तेल लावून दिलं. तिला ते आवडत नाही आता, पण आज पाय ओढून घेतला नाही.

मामाजी म्हणाले, मी बी येतो. मी म्हटलं, एवढ्या धुळीत, आणि दिसणार काय तुम्हाला? म्हणाले, "ऐकाले येतो."

१४ जानेवारी

काल घरी यायला उशीर झाला, म्हणून आज लिहिते. सगळं नीट लिहायचं आहे.

आम्ही गाडी करून गेलो, शकुंतलाबाईही होत्या. रेणूचा संघ आधीच गेला होता. तलावाच्या पाळीजवळच्या मैदानावर मंडप, झेंडे, एका टेबलावर माईक. माईकवर बोलणारे तिथले ईश्वरदास सर. सकाळपासूनचे सगळे सामने सांगून त्यांचा आवाज पार बसला होता. अंतिम सामन्याला तोंड उघडलं तर नुसती हवा. आयोजक लोक इकडेतिकडे बघू लागले. आमच्यासोबत आलेले दुलीचंदजी सरळ टेबलाजवळ गेले आणि म्हणाले, "आमच्याकडं बाई आहे."

मी नाही म्हणत होते. शकुंतलाबाईंनी पाठीवर हात ठेवला. हात म्हणजे ढकललंच. "जाय व. आपले सौंदडवाले काय मुके आहेत का?"

टेबलामागे बसले. शेजारी मामाजींची खुर्ची लावली, काळा चष्मा लावून ते माझ्या बाजूला. पहिली दोन-तीन मिनिटं मी पेपर वाचल्यासारखी बोलले. मग नवेगावच्या एका उंच पोरीने सौंदडच्या दोन मुली एका चढाईत बाद केल्या आणि माझ्या तोंडून 'अरे बाप रे' निघालं, माईकवर. लोक हसले. ते हसू बैठकीतलं नव्हतं. त्यानंतर मला मराठी-हिंदी-पोवारी काही कळलं नाही, जे दिसलं ते बोलत गेले. नवेगावच्या पोरींचंही तेवढंच कौतुक केलं, कारण त्या खरंच चांगल्या खेळत होत्या.

शेवटची चढाई. सौंदड तीन गुणांनी मागे. चढाईला रेणू.

मी म्हटलं, "रेणू जाते आहे." एवढंच. तिने एकीला पायाने शिवलं, दुसरीने तिचा घोटा धरला, त्या दोघीजणी तिच्यावर पडल्या. धूळ उठली. समोरचे सगळे लोक उभे राहिले आणि मला काही दिसेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते वेगळंच. माईक हातात, आणि शब्द एकही नाही. मैदानभर लोक माझ्याकडे बघायला लागले, काय झालं, कोण सुटलं, कोण पकडलं?

माझ्या बाजूची खुर्ची करकरली. मामाजी खुर्चीवर चढून उभे होते. काळा चष्मा कपाळावर. माझ्या हातातला माईक त्यांनी वाकून तोंडाजवळ ओढला.

"टेकला. हात टेकला पोरीचा. मधल्या रेषेच्या पार बोटं गेले, दोन बोटं. आन् तोंडात कबड्डी चालू आहे, पंच, वाकून पाहा."

पंच वाकले. शिट्टी वाजली. सौंदडला दोन गुण. आणि वेळ संपली. आम्ही एका गुणाने हरलो.

 मागून दुलीचंदजी म्हणाले, आणि माईक चालूच होता, "गोवर्धनभाऊ, येथून तुले बोटं दिसले?"

सगळं मैदान हसायला लागलं. नवेगावचे लोकही, ज्यांना काही माहीत नव्हतं ते. शकुंतलाबाई तर खालीच बसल्या. मामाजी हळूच खुर्चीवरून उतरले, चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि इतके गंभीर बसले, की मला हसावं का रागवावं ते कळेना. मी माईकवर एवढंच म्हटलं, नवेगाव बांधचा संघ विजयी, त्यांचं अभिनंदन. 

रेणूचा गुडघा सोलला होता. मला वाटलं रडेल. ती येऊन म्हणाली, "आई, तू मधेच गप्प काऊन झाली?" तिला हरल्याचं कमी आणि याचंच जास्त. मी तिला पोटाशी धरलं, सगळी धूळ साडीला लागली.

परत येताना गाडीत मी यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पट्टी काढली त्या दिवशीच डॉक्टरांनी दोन्ही डोळे साफ सांगितले. बाबांनी बाहेर यायच्या आधी माझा हात धरला. म्हणाले, घरात कोनी बोलत नाही बापू. थोडे दिवस मले आंधळा राहू दे."

पुढच्या सीटवर मामाजी झोपले होते. किंवा डोळे मिटून बसले होते. त्यांचं आता काही सांगता येत नाही.

१५ जानेवारी

सकाळी पेपर आला. मी तो उचलला, मामाजींचा साधा चष्मा कपाटातून काढला, पुसला, आणि दोन्ही त्यांच्या खाटेवर ठेवले. चहा घेऊन आले तेव्हा चष्मा तसाच होता. पेपर त्यांनी उचलून माझ्या पाटावर ठेवला होता.

"मंजू, वाच."

मी उभीच राहिले. म्हटलं, "आता तर सगळ्या गावाला मालूम झालं मामाजी, तुम्हाले दिसते म्हणून."

"दिसते ना," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. "पन ऐकू बी येते."

मी बसले. मोबाईल समोर ठेवला.